दुसरा आणि चौथा शनिवार

मागच्या वर्षी डिसेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी मी फोनवर एका मुलीला चांगलंच सुनावलं. तिचा गुन्हा एवढाच की तिनं "नमस्कार सर, शनिवारसाठी फोन केला होता," असं गोड आवाजात म्हटलं. त्या आठवड्यात पन्हाळ्याच्या पायथ्याचे प्लॉट विकणाऱ्यांनी मला भंडावून सोडलं होतं. तेही शनिवारीच बोलवायचे, गाडी पाठवतो म्हणायचे, वर जेवणाचं आमिष. मी त्या मुलीला पुढचं वाक्य बोलूच दिलं नाही. म्हणालो, "हे बघा ताई, मला शनिवारी यायचं नाही, रविवारी यायचं नाही, कुठल्याच वारी यायचं नाही. आमचं नाव तुमच्या यादीतनं काढून टाका." ती बिचारी "बरं सर, काढते," म्हणाली. आणि तिनं काढलं. माझ्या आयुष्यात कुठल्याही कार्यालयानं माझं काम इतक्या तत्परतेनं केल्याचं दुसरं उदाहरण नाही.

ती मुलगी हृदयाच्या डॉक्टरांच्या काउंटरवरची होती. यादी शनिवारच्या पेशंटांची होती. आणि तिनं काढलेलं नाव माझ्या बायकोचं, शैलाचं होतं. त्या यादीत ते नाव यायला पाच आठवडे लागले होते.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण ऊस. परवा शाळेतनं घरी येताना उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो. मागं दोन ट्रॉल्या, त्यांवर घराएवढा ऊस, आणि ड्रायव्हरनं गाणी लावलेली अशी, की ऐकून गावातल्या म्हशींनी दूध चोरावं. आमच्याकडे थंडी कॅलेंडरातनं येत नाही. ती अशी रस्त्यावरनं येते, पाचटाचे तुकडे सांडत, वाहतूक अडवत. ट्रॅक्टर वळला, रस्ता मोकळा झाला, आणि कुठल्याशा गुऱ्हाळावरनं उकळत्या रसाचा वास आला. हा वास नाकाच्या आधी जिभेला कळतो. एरवी त्यानं मला भूक लागते. परवा लागली नाही. मागचा सगळा हंगाम त्या वासाला धरून परत आला. साखर कारखाने आपला हंगाम टनांवर मोजतात. आमच्या घरात मागचा हंगाम शनिवारांवर मोजला गेला, आणि शनिवारांतही फक्त दुसऱ्या आणि चौथ्यावर.

सुरुवात दिवाळीत झाली. शैला करंज्या लाटत होती आणि मी शेजारी बसून सारण जमलंय का, हे चौथ्यांदा तपासत होतो. लाटणं थांबलं. मला वाटलं, आता माझा हात पकडला जाणार. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"काय झालं?"

"छातीत कोंबडं फडफडायला लागलंय," ती म्हणाली.

शैला कोडोलीची. तिला दुखणंसुद्धा परड्यातल्या भाषेत, डोळ्यांपुढं उभं राहील असं सांगता येतं. मला आपलं 'जरा अस्वस्थ वाटतंय' एवढंच येतं. पंधरा मिनिटांनी कोंबडं बसलं. तिनं कपाळ पुसलं आणि राहिलेल्या करंज्या लाटून संपवल्या. पुढच्या आठ दिवसांत ते तीनदा उठलं. एकदा जिना चढताना, एकदा कपडे वाळत घालताना आणि एकदा तर ती नुसती बसली होती तेव्हा. त्या तिसऱ्या वेळेनं मी हादरलो. माणूस काही करत असताना त्रास झाला तर ते काम बंद करता येतं. नुसतं बसणं कसं बंद करणार?

आमच्या गल्लीतले डॉक्टर म्हणजे सर्दीपासून सोयरिकीपर्यंत सगळ्यावर औषध देणारा माणूस. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, सोनोग्राफीसारखी हृदयाची ती दुसरी तपासणी करून आणायला लावली. दोन्हींत काही सापडलं नाही. "हृदयाचं काम चोख आहे," ते म्हणाले, "पण ते मधेच का पळतं, हे बघायला वेगळे डॉक्टर लागतात. फक्त ठोक्यांचे. ते पुण्याहून इथल्या दवाखान्यात येतात. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी. नंबर लावून टाका." मी शाळेच्या कार्यालयात हेडक्लार्क आहे, त्यामुळं मला हे लगेच पटलं. आमच्याकडेही पगारपत्रकाचं टेबल वेगळं, दाखल्यांचं वेगळं. हृदयातही टेबलं असतील तर तक्रार कशाची करायची?

निघताना डॉक्टर माझ्याकडे वळले. "चक्कर येऊन पडल्या, छातीत दुखलं, किंवा फडफड अर्ध्या तासात थांबली नाही, तर शनिवारची वाट बघत बसायचं नाही. तडक मोठ्या दवाखान्यात न्यायचं. कळलं?" हे त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं. शैलाला एकदाही विचारलं नाही. आमच्या घरात समजावून सांगायची गरज कुणाला आहे, ते वीस वर्षं ओळखून आहेत.

पुण्यालाच जाऊन दाखवू या का, असं मी विचारलं होतं. शैला म्हणाली, "तिथं गेलं तरी नंबरच. उलट लोकाच्या गावात बसून वाट बघायची. हितं निदान आपल्या घरात तरी बसू."

मग पाच आठवडे गेले, आणि मग तो गुरुवार आला. संध्याकाळी मीच काउंटरला फोन लावला आणि रुबाबात विचारलं, "शनिवारी किती वाजता यायचं आम्ही?" पलीकडच्या मुलीनं यादी चाळली. मग म्हणाली, "काका, तुम्हीच नाव काढायला सांगितलं की." शैलाची जागा दुसऱ्याला दिली गेली होती. चौथ्या शनिवारी डॉक्टर सुट्टीवर. म्हणजे आता थेट जानेवारीतला दुसरा शनिवार, संक्रांतीच्या तोंडावर. आणखी चार आठवडे. मी त्या मुलीची माफी मागितली. इतकी मागितली की शेवटी तीच म्हणाली, "असू दे काका, होतंय असं."

घरी सांगायचं कसं? शाळेत तपासणी आली की आम्ही आधी चहा देतो, मग नाश्ता, आणि मग हळूच न सापडणाऱ्या रजिस्टरचा विषय काढतो. मी तेच केलं. चहा मी केला, यावरनंच शैलाला काय ते कळलं. ती मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं, प्लॉटसकट. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "प्लॉट तरी घेतला न्हाईसा न्हवं?"

मी हसलो. ती हसली. हसण्यात तो विषय मिटला असं मला वाटलं. तिच्या हातातली मेथीची काडी मात्र बराच वेळ तिच्या हातातच होती. पानं केव्हाच खुडून झाली होती. हे मला दिसलं होतं. दिसलेलं सगळं त्याच वेळी कळलं असतं तर मी हेडक्लार्क कशाला राहिलो असतो.

त्या दिवसापासून मी घरात विनोद करायची नोकरी धरली. सकाळी उठल्यावर, "काय म्हणतंय कोंबडं, आरवलं का?" जेवताना, "आज रविवार आहे, कोंबड्याला मटणाचा वास लागू देऊ नको, बिथरेल." माझी समजूत अशी की घरातला पुरुष हसतखेळत राहिला की दुखणं लाजतं. शैला कधी हसायची, कधी नुसतं "बरं" म्हणायची. जसजसे दिवस गेले तसतशी 'बरं'ची संख्या वाढली. मी विनोदाची संख्या वाढवली.

वाट बघणं हे काम असतं, हे मला त्या हंगामात समजलं. त्याला वेळ लागतो, जागा लागते, सवय लागते. रोज सकाळी दहा वाजता मी काउंटरला फोन करायचो, कुणी नाव रद्द केलंय का विचारायला. पहिल्या आठवड्यात ती मुलगी "नाही सर" म्हणायची. दुसऱ्यात "नाही काका." तिसऱ्या आठवड्यात तिनं फोन उचलला तो, "आज बी न्हाई ओ काका, काकूंना बरं हाय नव्हं?" असं म्हणतच. मला त्या 'बरं हाय नव्हं'चा एवढा आधार वाटायचा की नंतर नंतर नाव लागण्यासाठी नाही, तर ते ऐकण्यासाठी फोन करत होतो की काय अशी शंका येते. तिनंच एकदा सुचवलं, "काका, तोवर काकूंची चोवीस तासांची मशीन लावून घ्या. रिपोर्ट तयार असला की डॉक्टरांना लगेच सांगता येतं. नायतर ते तपासून परत तेच लावायला सांगणार, आणि परत दोन आठवडं जाणार." हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ज्या मुलीला मी प्लॉटवाली समजून झापलं, तिनं आमचे दोन आठवडे वाचवले.

आणि मी? तीस वर्षं मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसलोय. बोनाफाईड, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मतारखेची दुरुस्ती. "सोमवारी या" हे मी आयुष्यात जितक्या वेळा म्हणालो असेन तितक्या वेळा देवाचं नावसुद्धा घेतलं नसेल. त्या डिसेंबरात राधानगरीकडचा एक माणूस मुलीच्या दाखल्यासाठी आला. पहाटेच्या एसटीनं निघालेला, धोतराला लाल माती. मुख्याध्यापक बाहेर होते. "सोमवारी या," मी सवयीनं म्हणालो. त्यानं भांडण केलं नाही. "बरं साहेब," म्हणाला आणि पिशवी उचलली. ते 'बरं' मी ओळखलं. माझ्या घरात रोज ऐकत होतो. मी त्याला बसवलं, मुख्याध्यापक जिथं होते तिथं गाडीवरनं जाऊन सही आणली. म्हणजे मी सुधारलो असं कुणी समजू नये. फेब्रुवारीत मी पुन्हा लोकांना सोमवारी बोलवायला लागलो. पण आता म्हणण्याआधी एकदा थांबतो, आणि पाहुणा कुठनं आलाय ते विचारतो.

शैलाचा भाऊ, तानाजी, दर आठवड्याला कोडोलीहून यायचा. येताना काकवी, भाजी आणि निदान घेऊन यायचा. बोलणं असं की शेजारच्या इमारतीतल्या पेशंटांनाही फायदा व्हावा.

"दाजी, मी सांगतो. मोटर चांगली हाय. स्टार्टर बिघडलाय."

"कशावरनं?"

"आमच्या हिरीवरच्या मोटरीचं हेच झालतं. पाणी उपसत हुती फर्स्टक्लास, पण मधेच आपआपली जोरात सुटायची. वायरमन बोलवला, एक वायर जास्तीची निघाली. आता बघा, दोन वर्षं झाली, आवाज न्हाई."

"तुझी बहीण म्हणजे काय विहिरीवरची मोटर आहे का?"

"न्हाई कशी? तिच्या जिवावरच चाललंय की तुमचं शेत," असं म्हणून तो बहिणीकडं वळला, "अक्का, भ्यायचं न्हाई बघ. दाजींना तर काय वाटत बी न्हाई, कसं हसत्यात बघ." शैलानं माझ्याकडं बघितलं. मी हसतच होतो.

गल्लीतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, फडफड झाली की नाडी मोजा, वेळ आणि आकडा लिहून ठेवा. मी शाळेतनं दोनशे पानी वही आणली. रेघा मारल्या, रकाने पाडले: दिनांक, वेळ, ठोके, शेरा. डॉक्टरांनी फडफडीच्या वेळी मोजायला सांगितलं होतं, मी दिवसातनं सहा वेळा मोजायला लागलो. शनिवार-रविवारी दुपारी शैला जरा आडवी झाली की मी खुर्ची ओढून तिचं मनगट धरून घड्याळाकडं बघत बसायचो. खिडकीतनं ऊन यायचं, ते तिच्या पांघरुणावरनं सरकत सरकत भिंतीवर चढायचं. बाहेर तिळगुळासाठी कुणीतरी तीळ भाजत असायचं. तिचा हात ऊबदार असायचा, आणि अंगठ्याखाली ठोके धाड धाड चाललेले असायचे. एकशे चार. एकशे दहा. एकशे आठ. ती तर शांत झोपलेली! म्हणजे झोपेतही तिचं हृदय असं पळतंय. पुन्हा मोजावं तर एकशे चौदा.

"किती आलं?" ती डोळे न उघडता विचारायची.

"बहात्तर," मी सांगायचो. आणि वहीत एकशे चौदा लिहायचो. शेरा: झोपेत.

खोटं बोलायला मला जड गेलं नाही. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे मी रोजच सांगतो.

याच दिवसांत शैलानं मला स्वयंपाक शिकवायला काढला. "वाट बघून कट्टाळा येतोय, तेवढाच टाइमपास," म्हणाली. मला ती कल्पना फार आवडली. मी भाकरी शिकलो, म्हणजे ज्याला भाकरी म्हणायला माणूस दयाळू लागतो अशी एक वस्तू करायला शिकलो. पीठ मळताना तिनं माझ्या हातावर हात ठेवून दाब दाखवला. "हितनं ढकलायचं. बोटांनी न्हाई, तळहातानं." पहिल्या भाकरीला राधानगरीच्या धरणासारखे काठ आले. दुसरी तव्यावर गेलीच नाही, हाताला चिकटली. मी म्हटलं, "ही माझी, मी चाटून खातो." शैला हसली नाही. म्हणाली, "परत करा."

भाकरीनंतर आमटी. आमटीनंतर दूध विरजायचं कसं. मसाल्याचा डबा कुठं, चटणी वर्षाची किती लागते, गॅसचा नंबर कधी लावायचा, दिवेलागणीला काय म्हणायचं. मी सगळ्यावर काही ना काही विनोद केला. एका दुपारी हिंगाची डबी सापडेना म्हणून फडताळात हात घातला, तर तिथं एक जुनी डायरी. उघडली. शैलाचं बारीक, सरळ रेघेत न राहणारं अक्षर. गॅसचा नंबर. दूधवाल्याची सुट्टी. 'यांना शेंगदाणे पचत नाहीत, मागितले तरी द्यायचे नाहीत.' हे वाचून मी हसायला लागलो, कारण द्यायचे नाहीत ते नक्की कुणी, मीच मला? पुढचं पान उलटलं. आमची मुलगी पुण्याला असते, तिचं नुकतंच लग्न झालंय. पानावर वरती तिचं नाव लिहिलं होतं, आणि खाली डिंकाच्या लाडवांचं प्रमाण. डिंक पाव किलो, खारीक अर्धा, खोबरं, खसखस, गूळ. शेवटी एक ओळ: 'बाळंतपणात पहिले दोन महिने. गूळ कोडोलीचाच घ्यावा, तानाजीला सांगावं.'

मी डायरी होती तशी ठेवली. हिंगाची डबी शेजारीच होती. ती उचलून बाहेर आलो. शैला पाटावर बसून माझी वाट बघत होती, आमटीला फोडणी द्यायची होती.

तिला विचारायला हवं होतं. ही टाइमपासची गोष्ट नव्हे, हे आता मला कळलं होतं. तिला म्हणायला हवं होतं, शैला, हे काय लिहून ठेवलंयस. पण मी काय म्हणालो? मी म्हणालो, "हिंग सापडला. आता सापडायचा राहिलाय तो फक्त डॉक्टर." ती म्हणाली, "बरं." मोहरी तडतडली. त्या दिवशी मी आमटीत मीठ दोनदा घातलं आणि दोघांनी ती मुकाट्यानं खाल्ली.

चोवीस तासांची मशीन लागली त्या दिवशी मात्र गंमत झाली. छातीला वायरी चिकटवलेल्या, कमरेला डबी. शैला म्हणाली, "पेरणी केल्यासारखं दिसतंय." आम्ही दोघंही कोंबडं उठायची वाट बघत बसलो. इतके दिवस ते उठू नये म्हणून जपत होतो, आता उठावं म्हणून नवस करायची पाळी. शेवटी दुपारी चारला, कपाटावरचा डबा काढताना, ती थांबली. "आलं," म्हणाली, एखादा उशिरा आलेला पाहुणा दारात दिसावा तशी. मी वही घेऊन धावलो. दर तासाला मी नोंद केली होती, यावेळचीही केली. एकशे वीस.

मग एकदाचा तो शनिवार उजाडला. आमचा नंबर सतरा होता. दवाखान्यातली ती लांबट खोली, भिंतीला लागून बाकडी, आणि बाकड्यांवर निम्मा जिल्हा. कुणी गारगोटीचं, कुणी पार सीमेकडचं. एकमेकांची नावं कुणालाच ठाऊक नव्हती, पण कुणाला किती महिने झाले ते सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या फेटेवाल्या म्हाताऱ्यानं सरकून शैलाला जागा केली.

"कितवा नंबर पावणं?"

"सतरा."

"मग जेवून घ्या की. मी बाविसावा, माझं दोनदा जेवून झालंय."

आम्ही डबा आणला होता, पण मला नको होता. शैलाही नको म्हणाली. काउंटरवर एक सडपातळ मुलगी फोनवर बोलत होती. आवाजावरनं ओळखली. मी जवळ जाऊन नाव सांगितलं, तशी तिनं फोन कानाशी तसाच धरून काचेपलीकडनं हात हलवला. आपलं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

चारच्या पुढं आम्हाला आत बोलावलं. डॉक्टर माझ्यापेक्षा वयानं लहान, चेहऱ्यावर दिवसभराचा थकवा. पण त्यांनी शैलाला आधी बसायला सांगितलं, आणि सगळं तिच्या तोंडून ऐकून घेतलं. कोंबड्यासकट. मधे एकदाही घड्याळाकडं बघितलं नाही. मग त्यांनी मशीनचा रिपोर्ट उलगडला.

"सापडलंय," ते म्हणाले. "काकू, तुमचा पंप एकदम चांगला आहे. आतल्या वायरिंगमध्ये एक तार जन्मापासून जास्तीची आहे. कधीतरी करंट त्या वाटेनं फिरतो, तेव्हा ठोके पळतात. घाबरवणारं आहे, पण जिवाला धोका असलेलं नाही. आत्ता गोळी देतो. पुढं त्रास वाढलाच तर पायाच्या शिरेतनं जाऊन ती तार बंद करता येते. बहुतेकांना त्यानं कायमचं बरं वाटतं. घाई नाही."

तानाजी तिथं नव्हता ते बरं. नाहीतर त्यानं डॉक्टरांच्या पाठीवर थाप मारली असती.

शैलानं एवढंच विचारलं, "म्हणजे काय हुणार न्हाई?"

"काही होणार नाही," डॉक्टर म्हणाले.

मी पुढं सरसावलो आणि माझी वही त्यांच्यापुढं ठेवली. नऊ आठवड्यांतली माझी कर्तबगारी. रकाने बघून त्यांनाही कौतुक वाटलं असावं. त्यांनी पानं उलटली, मग मशीन लावलेल्या दिवसाचं पान काढलं आणि रिपोर्टशेजारी ठेवलं. बोट एकदा इकडं, एकदा तिकडं.

"काका, नाडी कशी बघता? दाखवा जरा."

मी शैलाचं मनगट धरलं, रोजच्यासारखं, अंगठा दाबून.

डॉक्टर हसले. थट्टेनं नाही. "अंगठ्याला स्वतःची नाडी असते, काका. अंगठ्यानं मोजलं की आपलीच लागते. बघा, दुपारी एकला काकूंचे ठोके मशीनवर त्र्याहत्तर. वहीत एकशे दहा. दोनला बहात्तर. वहीत एकशे आठ. चारला, त्रास झाला तेव्हा, काकूंचे एकशे सत्तर, वहीत एकशे वीस." त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "हे सगळे तुमचे आहेत. एकदा रक्तदाब तपासून घ्या, आणि जरा शांत राहा आता."

म्हणजे मी तिला इतके दिवस बहात्तर असं खोटं सांगत होतो, आणि ते खरं होतं.

बाहेर आलो. दवाखान्याच्या मागं बदामाचं झाड आहे, त्याखाली एक बाक. संध्याकाळचं ऊन पानांतनं खाली येत होतं. आम्ही डबा उघडला. माझ्याच हातची भाकरी, वाळून काठानं वर उचललेली. दोघांनाही इतकी भूक लागली होती की तीही गोड लागली. मी काहीतरी विनोद शोधत होतो. तानाजीचा, मोटरीचा, प्लॉटचा. एकही सापडेना.

शैलानं हात पुसले. "ती वही द्या," म्हणाली.

दिली. ती पहिल्या पानापासनं वाचायला लागली. दिनांक, वेळ, ठोके, शेरा. एकशे चार, झोपेत. एकशे दहा, झोपेत. एकशे चौदा, झोपेत, चेहरा शांत. पान उलटताना तिचं बोट आकड्यांवरनं सावकाश खाली जात होतं. माझं अक्षर सरकारी, सुवाच्य, त्यामुळं लपायला कुठं जागाच नव्हती. पुढं गेलेली माणसं आमच्याकडं मागं वळून बघत होती, कारण मी रडत होतो, आणि ते मला उशिरा कळलं.

तिनं वही मिटून मांडीवर ठेवली.

मग म्हणाली, "नऊ आठवडं मला वाटत हुतं, ह्या घरात भ्यालेली मी एकटीच हाय. आधी सांगायचं न्हाई व्हय? दोघं मिळून भ्यालो असतो की."